पोरांना बाहेर नेणाऱ्या शालनताई

फोन वाजला तेव्हा पहिली-दुसरीची पोरं ओसरीवर चिंचोक्यांचे ढीग लावत बसली होती आणि कुणाचा चिंचोका कुणी ढापला यावरून दोघांची जुंपली होती. फोनवर आबांचं नाव दिसलं. आबा म्हणजे आमच्या जुन्या मुख्याध्यापिका शालनताईंचे यजमान, फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले, रहिमतपूरला असतात. ते स्वतः कधी फोन करत नसत. फोन ताईंचाच यायचा आणि मागून आबा ओरडायचे, "हळू बोल गं, साऱ्या गल्लीला ऐकू जातंय." त्या दिवशी आबाच बोलले. "रेखाताई… शालन गेली. सकाळी. चहा टाकला हुता तिनं, गाळायचा राह्यला." मग ते म्हणाले, "दुपारपतूर थांबतो आमी. येताय न्हवं?"

जत तालुक्याच्या पार पूर्वेला, जिथून कर्नाटकातलं गाव पायी गाठता येतं, तिथे आमची जिल्हा परिषदेची दोन शिक्षकी शाळा आहे. सोबतचे सर त्या दिवशी प्रशिक्षणाला गेले होते. मी एकटी. कुणीही म्हणालं असतं, द्या पोरांना सोडून, घरं इथंच तर आहेत. पण ते मला जमत नाही. मी घरोघर निरोप धाडले. आई, आजी, चुलता, जो कोणी आला त्याच्या हातात त्याच्या पोराचा हात दिला आणि मगच पुढच्याकडे वळले. एका पोराची आई रानात गेली होती, तिची वाट बघत फाटकाशी उभी राहिले. शेवटचं पोर गेलं तेव्हा ऊन कलंडलं होतं. मी रहिमतपूरला पोचले तेव्हा माणसं स्मशानातून परतून, अंघोळी करून अंगणात बसली होती. आबांनी उशिराचं कारण विचारलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरं सोपवून आला असाल." मी मान हलवली. "तिनं बी तेच केलं असतं," ते म्हणाले, आणि तोंडावर पंचा धरून आत गेले.

ही सवय आम्हा दोघींना एका दुपारनं लावली. त्या दुपारबद्दल मी आजवर कुठं लिहिलं नाही, ताई असत्या तर त्यांनी लिहू दिलंही नसतं. आता महिना उलटला आहे. लिहिते.

शालनताई आमच्या शाळेवर मुख्याध्यापिका म्हणून आल्या तेव्हा मला तिथं येऊन काही वर्षं झाली होती. त्यांची सगळी नोकरी सांगली जिल्ह्यात, सासर मात्र रहिमतपूरचं, उसाच्या पट्ट्यातलं. पाण्याच्या गावातली ही बाई टँकरच्या गावात किती दिवस टिकणार, असं वस्तीवर उघड बोललं जायचं. ठेंगणा बांधा, पायात पुरुषी चपला, खांद्याला कापडी पिशवी. पहिल्या दिवशी वर्गात शिरल्या, भिंतीवरचा वर्णमालेचा तक्ता बघितला आणि पोरांना विचारलं, "हे काय आहे?" सगळी एका सुरात ओरडली, "अ अननसाचा!" "अननस कुणी खाल्लाय?" कुणी नाही. "बघितलाय?" कुणी नाही. मागून एक पोरगी म्हणाली, "त्यो भित्तीवरच असतोय." ताई हसल्या नाहीत. तक्ता तसाच राहू दिला, पण त्या दिवसापासून पहिलीच्या पोरांचं शिकणं तक्त्यापासून सुरू व्हायचं बंद झालं.

आमच्या वस्तीवर निम्म्या घरांत कानडी बोलतात. पोरं शाळेत येतात तेव्हा त्यांना मराठी थोडी कळते, बोलता येतेच असं नाही. त्यांना आपण पहिल्या दिवसापासून मराठी अक्षरं गिरवायला लावतो आणि ती गप्प बसली की म्हणतो, पोर मंद आहे. ताईंनी उलटीकडून सुरुवात केली. पोरगं जो शब्द घरून तोंडात घेऊन येईल, तो त्या दिवसाचा धडा. कुणी म्हणालं 'कुरी', की त्या फरशीवर खडूनं मोठं 'कुरी' लिहायच्या, शेजारी 'मेंढी', आणि मध्ये पोरांनीच मेंढी काढायची. आठवड्यातून एकदा सगळा वर्ग बाहेर. कधी ओढ्याला, कधी तलावावर, कधी कुणाच्या वाडग्यावर. वाडगं म्हणजे मेंढरं रात्री कोंडायचं दगडी कुंपण. तिथं मेंढरं मोजायची, कोकरं वेगळी, मेंढ्या वेगळ्या, मग बेरीज. परत आल्यावर जे बघितलं ते पटांगणात चुन्यानं काढायचं. त्यातून हळूहळू अक्षरं यायची. पण हळूहळू… आणि वाट बघायला वस्तीवर कुणाला वेळ नव्हता.

कारण सकाळी आमच्या शाळेसमोरूनच एक पिवळी गाडी जायची. लांबच्या इंग्रजी शाळेची. त्या गाडीतली पोरं टाय लावून बसलेली असायची आणि संध्याकाळी घरी येऊन घडाघडा कविता म्हणून दाखवायची. आमची पोरं संध्याकाळी घरी गेली की सांगायची, आज आमी वड्यात खेकडं बघितली. पावसाळ्याच्या शेवटी पालकांची बैठक झाली तेव्हा सगळा राग तिथं बाहेर आला. शाळा समितीचे अध्यक्ष सिद्धू अण्णा, तसे शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला होता. "बाई, माजा नातू तीन म्हैनं झालं साळंत येतोय. त्याला त्याचं नाव लिवता येत न्हाई. खेकडं मीच दावलं असतं की त्याला." माणसं हसली. त्या हसण्यात मजा नव्हती. कोपऱ्यात मल्लाप्पा उभा होता, मेंढकं माणूस, खांद्यावर घोंगडं. त्याची मुलगी निंगव्वा आमच्या पहिलीत. ती शाळेत यायला लागल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. कानडी नाही, मराठी नाही, शेजारच्या पोरीच्या कानातही नाही. नुसती चित्रं काढायची. मल्लाप्पा म्हणाला, "आमी पोरगी शिकाया पाटवतो, हिंडाया न्हाई. हिंडायला माजी मेंढरं हायती." शेवटी ठरलं ते असं की, दिवाळीपर्यंत पोरांना वाचता आलं पाहिजे, नाहीतर सुट्टीनंतर निम्मी पोरं पिवळ्या गाडीत बसतील. निम्मी गेली तर शाळाच बंद पडणार, हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं.

बैठक संपल्यावर मी ताईंना म्हटलं, "दिवाळीपर्यंत तक्ते घेऊ या आपण. घोकून घेऊ. मग पुढं तुमच्या पद्धतीनं." त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "घोकलेलं दिवाळीत फुसकं निघतंय गं रेखा," त्या म्हणाल्या. "मला पण भीती वाटती. पण भीती वाटली म्हणून पोरांना घोकायला बसवायचं म्हणजे आपली भीती त्यांच्यावर ढकलायची." मला ते पटलं नाही. आमच्यात चार-आठ दिवस नीट बोलणंही नव्हतं.

ती दुपार त्यानंतरची. परतीचा पाऊस होऊन गेला होता, तलावात कधी नव्हे ते पाणी होतं. ताई पहिली-दुसरी घेऊन तलावावर गेल्या, मी तिसरी-चौथी घेऊन शाळेत थांबले. तासाभरानं ती सगळी चिखलाचे पाय घेऊन, कलकलाट करत परत आली. खिचडी तयार होती. पोरं ओळीत बसली, ताटल्या वाटल्या, खिचडी वाढली. आणि एका ताटलीपुढं कुणी बसलेलं नव्हतं.

"निंगव्वा कुठाय?" ताईंनी विचारलं. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. ती बोलत नसे, त्यामुळं ती असली काय आणि नसली काय, पोरांच्या लक्षात राहायचं नाही. "मुतायला गेली असंल," कुणीतरी म्हणालं. मी शाळेमागं धावले. नव्हती. आम्ही वर्ग बघितले, टाकीमागं बघितलं, रस्त्यावर बघितलं. मी परत आले तेव्हा ताई ओळीपुढं उभ्या होत्या आणि एकेका पोराला विचारत होत्या, येताना ती कुणाजवळ होती. एक म्हणाला, वड्यापतूर हुती. दुसरी म्हणाली, न्हाई, तलावाजवळच दिसली हुती. ताईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. "मी ओढ्याजवळ मोजलं नाही," त्या मला हळूच म्हणाल्या. "तलावावर मोजलं होतं. निघताना मोजलं होतं. ओढा ओलांडल्यावर मोजायचं राहिलं."

पोरांना खिचडीसमोर सोडून त्या तलावाकडं धावल्या. मला म्हणाल्या, "एकालाही फाटकाबाहेर जाऊ देऊ नको." मी फाटक लावलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिले. वस्तीवर बातमी कशी पसरते ते सांगायला नको. थोड्याच वेळात तलावाच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू यायला लागला. बायका पळत शाळेकडं आल्या, आपापलं पोर बघितलं, छातीशी धरलं, आणि मग माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की ती नजर मी अजून विसरले नाही. मी पोरं आयांच्या हवाली केली, उरलेली स्वयंपाकाच्या मावशींकडं दिली आणि तलावाकडं निघाले.

काठावर वस्ती जमली होती. दोन माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरून बांबू खुपसत होती. बांबू खाली जायचा, चिखलात रुतायचा, वर यायचा, आणि दर वेळी काठावर कुणीतरी रोखलेला श्वास सोडायचं. मल्लाप्पा माळावरून मेंढरं टाकून आला होता. तो ओरडत नव्हता. काठाकाठानं लेकीला हाका मारत फिरत होता, "निंगव्वा, बाs… बा इल्ली…" ये, इकडं ये. ताई पाण्यात गुडघ्यापर्यंत उभ्या होत्या, लुगड्याचा काठ चिखलानं भरलेला. एक बाई त्यांच्या अंगावर धावून आली. "तुमचं पोर असतं तर नेलं असतं का वं पाण्यावर?" ताईंना पोरबाळ नव्हतं, हे त्या बाईला माहीत नसावं. किंवा माहीत असावं.

मग ताईंनी एकदम पाण्यातून पाय काढले आणि शाळेच्या दिशेनं चालायला लागल्या. चालायला, पळायला नाही. मला वाटलं, धीर सुटला. मी मागं गेले. त्या पटांगणात आल्या आणि खाली बघत फिरायला लागल्या. आदल्या दिवशी पोरांनी तिथं चुन्यानं आपापल्या घराची वाट काढली होती. शाळा, शाळेतून रेघ, वाटेत पिंपरणीचं झाड, हापसा, कुणाचं कुत्रं, आणि शेवटी घर. ताई निंगव्वाच्या चित्रापाशी थांबल्या आणि गुडघ्यावर बसल्या. तोवर मागून माणसं आली होती. सिद्धू अण्णा ओरडले, "बाई, पोरगी गेली आन् तुमी रांगोळी बघत बसलाय?"

"मल्लाप्पांना बोलवा," ताई म्हणाल्या.

मल्लाप्पा आला. ताईंनी चुन्याच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही शाळा. ही तुमच्या घराची वाट. मग ही दुसरी रेघ कुठं चाललीय? घराकडून निघून ही उलटी मागं गेलीय… आणि इथं हा दगडांचा गोल. तुमच्या घराजवळ असं काय आहे?" मल्लाप्पा बघत राहिला. त्यानं लेकीचं चित्र पहिल्यांदाच बघितलं असावं. "घरापाशी न्हाई," तो म्हणाला. "माळावर हाय. आमचं जुनं वाडगं. मोडलंय ते. तिकडं कोण जात न्हाई आता." "तिथं काय आहे?" "काय न्हाई वं… एक कोकरू हुतं. कुत्र्यानं पाय फाडल्यालं. जगणार न्हवतं, तिथंच टाकून आलतो…" बोलता बोलताच तो पळत सुटला.

माळ चढून आम्ही वाडग्यापाशी पोचलो तेव्हा माझ्या छातीत कळ येत होती. दगडी भिंत एका बाजूनं ढासळलेली. मल्लाप्पा पुढं, त्यामागं ताई, मग मी. भिंतीच्या सावलीत निंगव्वा बसली होती. मांडीवर कोकरू, त्याच्या पायाला तिच्या केसांची रिबीन गुंडाळलेली, आणि भोवती बाभळीच्या शेंगा पसरलेल्या. आमची धापा टाकणारी वरात बघून तिनं तोंडावर बोट ठेवलं. आणि ताईंकडं बघून म्हणाली, "बाई, सद्द माडब्याड. मलग्याद."

आवाज करू नका. ते निजलंय.

मल्लाप्पानं हात उगारला. ताईंनी त्याचं मनगट धरलं. "ती बोलली," त्या म्हणाल्या. "मल्लाप्पा, ती माझ्याशी बोलली." "घरात बोलतीच की ती," मल्लाप्पा रागानं म्हणाला, पण त्याचा हात खाली आला आणि तो तिथंच मटकन बसून, लेकीला कोकरासकट मिठीत घेऊन रडायला लागला. ताई भिंतीच्या पलीकडं गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून मी बघायला गेले, तर त्या दगडाला धरून ओकत होत्या.

पोरगी सापडली म्हणजे प्रकरण संपलं, असं होत नसतं. तक्रार गेली, तालुक्याहून साहेब आले. पटांगणात सतरंजी टाकली, खुर्ची ठेवली. दोघा-तिघांनी येताना कुलूप आणलं होतं, ते मुद्दाम दिसेल असं हातात धरून बसले होते. साहेबांनी पहिलीच्या एका मुलापुढं पुस्तक उघडलं. "वाच." पोरगं पानाकडं बघत राहिलं. अननसाचं चित्र त्याला ओळखता आलं, खालची ओळ वाचता आली नाही. साहेबांनी पान उलटलं. तीच गत. कुणीतरी मागून म्हणालं, "बघा!" मला वाटलं, आता ताई खडू घेऊन 'कुरी' लिहितील, पोरगं वाचेल, लोक गप्प होतील. तसं काही झालं नाही. ताई उठल्या आणि म्हणाल्या, "पोरांना हे पान अजून येत नाही. फेब्रुवारीपर्यंत येईल. दिवाळीपर्यंत येणार नाही, हे मी बैठकीतच सांगायला हवं होतं. मोजलं नाही ही चूक माझी. तिची जी शिक्षा असेल ती मला द्या. पण नेलं, ही चूक नाही. ते मी लिहून देणार नाही."

साहेबांनी बराच वेळ कागदावर काहीतरी लिहिलं. सिद्धू अण्णांनी मल्लाप्पाकडं बघितलं. पोरगी त्याची, तेव्हा शेवटचा शब्द त्याचाच असणार होता. मल्लाप्पा उभा राहिला. "माजा जीव गेला हुता त्या दिवशी," तो म्हणाला. "बाईला मी माफ केल्यालं न्हाई. पर माजी पोरगी कुणाशी बोलत न्हवती, ती हिच्याशी बोलली. दुसऱ्या साळंत ती कुणाशी बोलंल, सांगा मला. माजी पोरगी हितंच ऱ्हाणार." आणि घोंगडं सावरून, पुढं काय होतं ते न बघता, मेंढरांकडं निघून गेला. त्या दिवशी कुलूप लागलं नाही. पण सुट्टीनंतर काही पोरं पिवळ्या गाडीत गेली. सिद्धू अण्णांचा नातूही गेला. ताईंना नोटीस मिळाली आणि एक हमीपत्र आलं, की यापुढे पालकांशिवाय मुलांना आवाराबाहेर नेणार नाही. त्यांनी शांतपणे सही केली. मी चिडले. "सगळं सोडलंत की तुम्ही!" त्या म्हणाल्या, "नीट वाच. पालकांशिवाय, असं लिहिलंय."

पुढच्या आठवड्यात त्या घरोघर फिरल्या. पहिल्या खेपेला दोनच आया आल्या, त्याही पोराचा दंड घट्ट धरून. आणि काठी घेऊन मल्लाप्पा, सगळ्यांच्या मागं, कुणाशी न बोलता. ओढ्यापाशी ताई थांबल्या, मोजलं. ओढा ओलांडला, पुन्हा मोजलं. मी बघत होते, त्या प्रत्येक पोराच्या डोक्याला बोट लावून मोजत होत्या. वाडग्यावर पोरं मेंढरं मोजायला लागली, एकाचं चुकलं, तर त्याच्या आईनंच दंड सोडला आणि म्हणाली, "आरं गड्या, पाच-पाचची जुडी कर की!" त्या दिवसापासून ताईंबरोबर आयाही शिकवायला लागल्या, म्हणजे भांडायलाही लागल्या, पण येत राहिल्या. फेब्रुवारीत पोरं ते पान वाचायला लागली. सगळी नाही, दोघं राहिली, ती दुसरीत वाचू लागली. निंगव्वा आधी कानडीत बोलली, मग मिसळीत, आणि तिसरीत गेल्यावर मराठीत इतकी बोलायला लागली की ताई कानावर हात ठेवायच्या. पिवळ्या गाडीतली काही पोरं परत आली, काही आली नाहीत. सिद्धू अण्णांचा नातू आला नाही, आणि तो पुढं चांगला शिकला, हेही इथं सांगायला हवं. ताईच सांगायच्या.

ती दुपार मात्र ताईंना सोडून गेली नाही. निवृत्त झाल्या तरी त्या मोजत राहिल्या. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवात धावणारी पोरं त्या बसल्या जागेवरून मोजत होत्या, मी पाहिलं. एकदा फोनवर म्हणाल्या, "रेखा, ते तलावात बांबू घालत होते ना… तो बांबू अजून माझ्या पोटात फिरतोय." मी विचारलं, "मग इतकी वर्षं पोरांना बाहेर नेत कशा राहिलात?" त्या म्हणाल्या, "दर वेळी वाटायचं, आज नको. मग पोरं चपला घालून दारात उभी असायची." हे आमच्या शेवटच्या काही बोलण्यांपैकी एक. शेवटचं बोलणं लोणच्याबद्दल होतं. कैऱ्या कुठल्या घ्यायच्या यावरून आमचा वाद झाला आणि तो अर्धाच राहिला.

तेराव्याला मी पुन्हा रहिमतपूरला गेले. मल्लाप्पा बरोबर आला. मी त्याला बोलावलं नव्हतं, तो पहाटे फाट्यावर नवं घोंगडं घेऊन उभा होता. "निंगव्वाची परीक्षा हाय," एवढंच म्हणाला. "ती म्हणली, तुमी जावा." जन्मात तो इतक्या पश्चिमेला आला नव्हता. वाटेतला ऊस बघून म्हणाला, "एवढं पाणी सोडून ही बाई आमच्यात कशाला आलती?"

जेवणं झाली, पाहुणे पांगले. तेवढ्यात मागच्या दारातून गल्लीतली चार-पाच लहान पोरं आत आली आणि न विचारता एका खोलीत शिरली. आबा गडबडीनं उठले. "रोज येत्यात," ते म्हणाले. "शालन संध्याकाळी बसायची त्यांच्यात. आता… मी नुसतं दार उघडून देतो." आम्ही त्यांच्यामागून गेलो. खोलीत कपाट नाही, खुर्ची नाही, फक्त सतरंजी. भिंतीचा खालचा भाग काळ्या रंगानं रंगवलेला, पोरांचा हात पोचेल तेवढा, आणि त्यावर खडूचा गिचमिड संसार. पोरं गोल करून बसली. एक जागा मोकळी ठेवली होती.

त्यातली सगळ्यांत लहान पोरगी आबांकडं बघून म्हणाली, "आजोबा, बाई कवा येणार?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मग मल्लाप्पाकडं. बहुधा गेले कितीतरी दिवस ते, 'गावाला गेल्यात,' असलं काहीतरी सांगत असावेत. या माणसानं सीमेवर हुकूम सोडले होते, आणि आता त्यांना एका पोरीला खरं सांगायचं होतं. गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, ते त्या मोकळ्या जागी खाली बसले.

"बाई न्हाई येणार, बाळ. बाई वारल्या."

पोरगी विचारात पडली. बाकीच्या पोरांना ठाऊक असावं, ती सगळी सतरंजीकडं बघत राहिली. बाहेर भांडी घासण्याचा आवाज येत होता.

"मग आमच्या म्हशीचं मी कुणाला सांगू?"

"मला सांग की," आबा म्हणाले. "पर मला अजून नीट ऐकता येत न्हाई. शालनला यायचं."

"मग मधी मधी बोलू नका," पोरगी म्हणाली, आणि मांडी घालून नीट बसली. "आमची म्हस काल सुटली…"

"कुठं गे—" आबा म्हणाले, आणि थांबले. त्यांनी ओठ मिटले. हात मांडीवर ठेवले. मल्लाप्पा दारातच उकिडवा बसला. म्हैस कुठं गेली ते सांगायला त्या पोरीनं खूप वेळ घेतला, मध्येच विसरली, मागं गेली, परत आली… आणि आबा तिच्याकडं बघत, एक अक्षर न बोलता, ऐकत राहिले.